मिस्त्रींनी घेतलेलं माप

बाईंचं भरतकामाचं मशीन ज्या जुन्या कॉम्प्युटरवर चालायचं, त्याची हार्ड डिस्क घरघरायला लागली होती. वीस वर्षांची डिझाइनं तिच्यात. ती गेली तर बाईंचा धंदा बसलाच म्हणायचा.

"दुकानात जुनी डिस्क सोबत न्या," त्यांनी नवऱ्याला बजावलं.

नवरा प्लंबर, म्हणजे मिस्त्री. उभ्या आयुष्यात त्यांनी कधी जुना नळ दुकानात नेला नव्हता.

"अगं, नमुना नेतं ते गिऱ्हाईक. मिस्त्री माप नेतो!" त्यांनी टेप लावून लांबी, रुंदी, जाडी सगळं मोजलं आणि स्वारी निघाली.

"आयडीई पाहिजे की साटा?" दुकानदारानं विचारलं.

डिस्कच्या जोडणीचे हे दोन प्रकार, पहिला जुना रुंद, दुसरा नवा चिंचोळा. मिस्त्रींच्या डोक्यावरून प्रश्न गेला. पण तसं कबूल करतील तर ते मिस्त्री कसले! "नवं असेल ते द्या," ते रुबाबात म्हणाले.

घरी नवी डिस्क जागेवर चपखल बसली. स्क्रूसुद्धा बसले. मिस्त्रींनी मिशीला पीळ दिला आणि केबल हातात घेतली. केबल चांगली पट्ट्यासारखी रुंद, तोंडाला भोकांच्या दोन रांगा. आणि नव्या डिस्कला एवढीशी चिंचोळी खाच. त्यांनी उलटी लावून पाहिली, सुलटी लावून पाहिली, फुंकर मारून पाहिली. बाई सुई ओवत बसल्या होत्या.

"डिस्कच खराब दिलीय," असं पुटपुटत त्यांनी दोन्ही डिस्क पिशवीत कोंबल्या. वाटेत मनात आलं, डिझाइनं गेली तर गेली, चूक आपली ठरायला नको. या विचाराची त्यांची त्यांनाच लाज वाटली, पण दुकानात तोंडातून निघायचं ते निघालंच.

"बायकोनं साटा सांगितलं होतं."

"हो, हो," दुकानदार म्हणाला. "मधे कन्व्हर्टर लावू, की जुन्या केबलला नवी डिस्क जमेल. जुन्यातलं सगळं नवीवर उतरवूनही देतो."

मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. मोठ्या पाइपला बारीक पाइप जोडायला रिड्यूसर लावतात, तसंच की हे!

पण दुकानदाराच्या पोटात काही राहत नसे. "वहिनींचा फोन आला होता," तो हसत म्हणाला. "म्हणाल्या, ते माझ्यावर ढकलतील. तुम्ही नुसतं हो म्हणा, डिझाइनं तेवढी वाचवा."

संध्याकाळी पडद्यावर सगळी फुलं, सगळ्या वेली जागच्या जागी उमटल्या.

"कुणाची चूक होती म्हणे?" बाईंनी सहज विचारलं.

"माझी," मिस्त्री म्हणाले. एवढ्याशा शब्दासाठी त्यांना दोनदा खाकरावं लागलं.

बाईंनी हातातली सुई खाली ठेवली. मग म्हणाल्या, "शर्ट काढा. नव्या डिस्कवरचं पहिलं गुलाबाचं फूल तुमच्या खिशावर."

हाच गुलाबाचा शर्ट घालून उद्या कामावर जायचं होतं. मिस्त्रींनी तो निमूट काढून दिला.