रिकाम्या खुर्चीने झेललेला राग

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मानसशास्त्राची मुलं समुपदेशन शिकतात, त्या खोलीत माझा जन्म गेला. मित्रांनो, मला गोड बोलता येत नाही. दुसऱ्यांच्या वाट्याच्या शिव्या मी आयुष्यभर खाल्ल्या आहेत.

सुताराने मला बसण्यासाठी घडवलं, पण शिकवणाऱ्या बाईंनी मला रिकामीच ठेवली. त्या मुलांना सांगत, "कुणी उपचारक बालपणात डोकावतो, कुणी डोक्यातले विचार तपासायला लावतो, कुणी नुसतं मनापासून ऐकतो. कधी रिकामी खुर्ची समोर ठेवतात. दुखावणारा माणूस तिच्यात बसलाय असं मानायचं, म्हणजे आत तुंबलेलं बोलता येतं." बाप, सासू, साहेब, असे कितीतरी जण न येताच माझ्यावर बसून गेले.

एकदा एक वेल्डर आला. सोबतच्या कामगारावर हात उचलला म्हणून कारखान्याने त्याला सक्तीने धाडलं होतं. समोर वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी बसली. बाई मागे होत्या.

"मला वेडा ठरवायचंय ना? ठरवा आणि मोकळे व्हा," तो गुरकावला.

तिने बालपणाचं विचारलं. "तुला काय करायचंय?" तो खेकसला. तिने रागातले विचार लिहायला कागद दिला. त्याने तो चुरगाळून फेकला. भावाशी अबोला असल्याचं तिने कारखान्याने पाठवलेल्या माहितीत वाचलं होतं. घाईघाईने मला पुढे ओढत ती म्हणाली, "समजा, इथे तुमचा मोठा भाऊ बसलाय."

त्याने अशी लाथ घातली की माझा पायच मोडला. तो तरातरा निघून गेला.

"पद्धत बरोबर होती. माणूसच आडमुठा!" मुलगी म्हणाली.

बाई कडाडल्या, "पद्धती तोंडपाठ केल्यास. त्याला इथे यायचं होतं का, हे एकदा तरी विचारलंस?"

पुढच्या आठवड्यात तो आला. हातात लोखंडी पट्टी होती. "माफी मागायला आलो नाही. मोडलंय ते जोडतो आणि जातो."

मुलगी खाली बसली आणि तिने मला धरलं. "मागच्या वेळी मी तुम्हाला न विचारता रेटलं. चुकलं माझं. आज बोलायचं नसेल तर नका बोलू."

बोल्ट आवळता आवळता तो बोलला, पण माझ्याकडे बघून. "आई गेल्याचं तिसऱ्या दिवशी कळवलंस! शेवटचं तोंडसुद्धा बघू दिलं नाहीस. नालायका, तुला कधी माफ करणार नाही!"

मुलीच्या ओठांपर्यंत उपदेश आला होता. तिने तो गिळला. "नका करू," ती एवढंच म्हणाली.

तो प्रथमच तिच्याकडे वळला. पुढे चार महिने तो स्वतःहून येत राहिला. भावाला त्याने माफ केलं नाही, पण कामावर पुन्हा कुणावर हात उगारला नाही.

आता गादीच्या खुर्च्या आल्यात. मी जिन्याखाली आहे. तुम्ही नवे विद्यार्थी माझ्यावर हेल्मेटं आपटता, पाठीवर नावं कोरता. कोरा! मला विचारण्याची रीत तुमच्यात नाहीच. पण उद्या एखादा चिडलेला माणूस तुमच्यासमोर बसेल. आपली विद्या त्याच्यावर चालवण्याआधी त्याची परवानगी घ्या. तो काही सरावासाठी आणलेलं लाकूड नव्हे.