तलवारीवरचा हरी

आमच्या सासऱ्यांचं, म्हणजे उमापूरच्या रामहरी आप्पांचं, एक लाडकं पुराण आहे. त्यांचा पणजोबा हरी एका गोऱ्या साहेबाचे घोडे सांभाळायचा. गोदावरीच्या पुरातून त्यानं साहेबाचा घोडा ओढून काढला, म्हणून साहेबानं त्याला आपली तलवार दिली आणि पात्यावर हरीचं नाव कोरलं. माझ्या लग्नाला अजून वर्ष झालं नाही, पण हे मी इतक्यांदा ऐकलंय की घोड्याचा रंगसुद्धा सांगेन.

खंडेनवमीला ही तलवार पूजेला निघते. यंदा सासूबाईंनी ती राखेनं अशी घासली की नावापुढची गंजाखाली गेलेली अक्षरंही उघडी पडली. शेजारचे मोहनराव टपलेलेच होते.

"आप्पा, तुमची सून इंग्रजीत बीए हाय न्हवं? वाचू द्या की तिला. खरं हाय का थापा हायत, कळंल समद्यांला."

भरल्या ओसरीत आप्पांनी तलवार माझ्यापुढं धरली.

मी अक्षरं पाहिली. तिथं हॅरी होतं. दोन आर, शेवटी वाय. कुणा इंग्रज आईनं लढाईला निघालेल्या पोराला तलवार देताना चार शब्द कोरून घेतले होते. आप्पांची अब्रू आता माझ्या जिभेवर होती, आणि या माणसावर माझा फार जीव आहे.

मी एक आर गिळला आणि वाचलं, "हरी, सुखरूप घरी ये. तुझी आई."

"नाव तर हरीचंच हाय की," म्हणत मोहनरावांनी तलवारीला हात जोडले. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला, तलवारीला हळदीकुंकू वाहिलं आणि नारळ फोडला.

माणसं पांगल्यावर आप्पा जवळ येऊन बसले. "तेजश्री, हरीत आर किती?"

"एकच."

"हिच्यावर दोन हायत. शाळंत आसतानाच दिसलं व्हतं मला. बापाला सांगायची छाती झाली न्हाई. मंग मलाबी त्यो हरीच आवडाया लागला."

मला हसू आलं आणि रडूही. "मग मला वाचू का दिलंत, आप्पा?"

"मोहनरावाम्होरं न्हाई कसं म्हनू? आन् तू व्हतीस की."

तलवार फडक्यात गुंडाळता गुंडाळता ते थांबले. "आईनं घरी ये म्हनलं, आन् तलवार तर हितंच ऱ्हायली. गेला आसंल का गं त्यो?"

"गेला असेल, आप्पा."

त्यांनी फडकं पुन्हा सोडलं आणि खोबऱ्याचा एक तुकडा तलवारीपुढं ठेवला. म्हणाले, "ह्यो त्याच्या आईच्या नावचा."