गाडीचा बांध

रामहरी ढवळेला प्रश्न पडायचे, आणि एकदा पडले की समोरच्याची सुटका नसायची. त्या दिवशी श्रीगोंद्यात परवेझच्या टायरच्या दुकानात त्याने अर्धी सकाळ टायरांना नखं लावण्यात घालवली. एकदा भारीतल्या टायरला, एकदा स्वस्तातल्या, मग दोन्हींचा वास. थोरला भाऊ वाल्मिक बाकावर बसून हे सगळं बघत होता आणि त्याचा पारा हळूहळू चढत होता.

"हे दोन्ही बारमाही म्हनतोस," रामहरीने परवेझला विचारलं, "मग फरक कशाचा?"

"रबराचा. भारीतलं रबर वल्या रस्त्याला धरून ऱ्हातं. स्वस्तातलं कोरड्यात झ्याक चालतं, पन वल्यात ब्रेक मारला की जरा पुढं सरकतं."

"जरा म्हंजे किती?"

"आता मी काय टेप घिऊन मागं पळालो का?"

"आन झिजतं कोनतं लवकर?"

"स्वस्तातलं. भारीतलं बसवलं की काही वर्सं माझं तोंड बघू नका."

हे ऐकलं आणि रामहरीचं मन स्वस्ताकडे झुकलं. लोक म्हणतील कंजूष. तसं काही नव्हतं. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा शेत, गोठा, घर, सगळं वेगळं झालं, राहिली ती एक पांढरी गाडी. ती तेवढी सामाईक. एक आठवडा याचा, एक आठवडा त्याचा, विहिरीच्या पाण्याची पाळी असते तशी. भांडण कधीच झालं नव्हतं, आणि हेच वाईट होतं. भांडायला तरी माणूस समोर येतो. गाडीची किल्लीसुद्धा पोरांच्या हातून या घरातून त्या घरात जायची. टायर गुळगुळीत झाले म्हणून आज कितीतरी दिवसांनी दादा त्याच्याबरोबर एका बाकावर बसला होता. लवकर झिजणारे टायर घेतले तर लवकर परत बसेल, एवढाच त्याचा हिशेब. हे बोलून दाखवायची त्याला लाज वाटत होती, म्हणून तो आपला नखं लावत होता.

"स्वस्तातलेच घिऊ दादा," तो म्हणाला.

"मला जन्माची कटकट नको," वाल्मिक उखडला. "मी भारीतले घेनार. तुला पायजे ते तू घे. दोन तुझे, दोन माझे, मिटलं!"

"पुढं कोनाचे आन मागं कोनाचे?" रामहरीने विचारलं.

इथे पेच आला. पुढचे ओढतात, पुढचे वळतात, म्हणजे पुढच्याला मान. मागचं कोण घेणार? शेवटी वाल्मिकनेच तोड काढली. "शेत कसं वाटलं आपन? आडवं का उभं?"

शेत उभं वाटलं होतं, आमच्याकडे वाटतात तसंच. आडवं वाटलं तर एकाला रस्ता मिळतो आणि दुसऱ्याला ओढा. उभा बांध घातला की दोघांनाही रस्ता आणि दोघांनाही ओढा, पट्टा भले अरुंद होऊ दे. तोच न्याय आता गाडीला लागला. उजवीकडचे दोन्ही वाल्मिकचे, भारीतले. डावीकडचे दोन्ही रामहरीचे, स्वस्तातले.

परवेझने कपाळाला हात लावला. "आवो, एका बाजूला एक रबर आन दुसऱ्या बाजूला दुसरं? गाडी काय शेत हाय का?"

"तुझं काम बसवायचं," वाल्मिक म्हणाला.

परवेझने बसवले, पण किल्ली देताना बजावलं, "गावाबाहीर कालव्याच्या चारीपाशी पानी साचलंय, तिथं हळू जाऊन एकदा ब्रेक मारा. आन लगीच माघारी या. मोठ्या रस्त्याला लागायचं न्हाई."

निघताना वाल्मिक चालवायला बसला आणि रामहरी त्याच्या शेजारी. वाटणीनंतर गाडीत दोघं एकदम बसल्याची ही पहिलीच वेळ; सकाळीही रामहरी गाडी घेऊन आला होता आणि वाल्मिक मागून एसटीने. पाळी असली की एकजण असतो, दुसरा नसतो, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की रामहरीला आपल्याच गाडीत पाहुण्यासारखं वाटलं. दादाच्या कानाशी केस पिकलेत हे त्याला आज दिसलं.

कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं होतं. चारी काठोकाठ भरून पाणी डांबरावर आलं होतं, आणि त्यावर उसाच्या ट्रॉल्यांनी शेतातली काळी माती आणून ओतली होती. रस्ता रिकामा होता. वाल्मिकने बेताच्या वेगात गाडी त्या राडीत घातली आणि ब्रेक दाबला.

उजवी बाजू जागेवर थबकली. डावी पुढे पळाली. गाडी गर्रकन उजवीकडे फिरली, वाल्मिकने स्टिअरिंग आवळून धरलं तरी फिरतच राहिली आणि उसाच्या कडेला तोंड करून थांबली. पुढच्या काचेत नुसता ऊस. रामहरीच्या छातीवर काहीतरी दाबलं गेलं होतं. बघतो तर दादाचा डावा हात. ब्रेक दाबता दाबता त्याने तो आडवा घातला होता, लहानपणी बैलगाडीत घालायचा तसाच.

"लागलं का रे?" वाल्मिकने विचारलं.

"न्हाई."

वाल्मिकने हात काढून घेतला, बाहेर चाकांकडे पाहिलं आणि एकदम हसू लागला. "बांध मोडला की रं गाडीनं!" मग रामहरीलाही आवरेना. त्या चिखलात दोन बाप्ये खो खो हसत बसले, आणि मागून आलेला ट्रॅक्टरवाला त्यांना येडे समजून बाजूने निघून गेला.

परत दुकानात शिरताच रामहरी म्हणाला, "परवेझ, चारबी टायर भारीतले बसव." म्हणताना त्याचा जीव थोडा थोडा झाला, कारण आता वर्षानुवर्षं इकडे येण्याचं कारण उरलं नव्हतं. पण दादा एकटा गाडी चालवत असताना चारीचं पाणी पुन्हा रस्त्यावर आलं तर? या प्रश्नाचं उत्तर त्याला कुणाला विचारावं लागलं नाही.

स्वस्तातला एक टायर स्टेपनीला गेला, दुसरा परवेझने बडबडत परत घेतला. चारही बसवून झाल्यावर तो म्हणाला, "आता एकच करा. पंधरा दिसांनी हवा तपासत जा."

"पंधरा न्हाई, दर आयतवारी येतो," वाल्मिक म्हणाला. तो रामहरीकडे बघत नव्हता, बोटाने नव्या टायरवरची माती काढत होता. "दोघं येतो. मला त्यातलं काय कळत न्हाई. हा असला म्हंजे नीट इचारतो तरी."

वाल्मिकच्या शेडमध्ये ट्रॅक्टरसाठी हवेचा कॉम्प्रेसर आहे, हवा मोजायच्या घड्याळासकट. त्याच्यावर सगळी आळी हवा भरून नेते. रामहरीच्या ओठांवर प्रश्न आला होता. त्याने तो गिळला आणि दुसरा विचारला.

"किती वाजता निघायचं, दादा?"