दोघांनी वाचायची पत्रिका

“सर, एकदा शेवटचं इचारतो. जुन्याला धक्का लावायचा न्हाई, हे पक्कं ना?” संघपालनं पेन ड्राइव्ह नुसताच हातात धरून ठेवला होता.

“बिलकुल नाही,” जगन्नाथ राजूरकर म्हणाले. “नवीन सिस्टीम घालायची ती शेजारी घाल. जुनं जिथं आहे तिथंच राहिलं पाहिजे.”

“ऱ्हाईल. एकाच घरात दोन बिऱ्हाडं, असं समजा. चालू करताना कॉम्प्युटर इचारंल, कोणाकडं जायचंय. तुम्ही सांगायचं.”

राजूरकरांनी मान हलवली, पण स्टूल काही मागं सरकवलं नाही. संघपालच्या खांद्यावरून ते पडद्याकडं असे डोळे लावून बसले होते, की जणू नजर हलली तर आतलं काहीतरी निसटेल. संघपालनं हसू दाबलं आणि पेन ड्राइव्ह खोचला.

भोकरदनच्या बस स्टँडमागच्या गल्लीत ‘उमा टायपिंग’ ही पाटी लागून अठ्ठावीस वर्षं झाली होती. अर्ज, शपथपत्रं अशी किरकोळ कामं चालत. पण दुकानाचं नाव होतं ते लग्नपत्रिकांसाठी. पत्रिकांचं मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर फक्त या जुन्या सिस्टीमवरच चालायचं, आणि तेही कॉम्प्युटरच्या मागं अंगठ्याएवढं लॉक खोचलेलं असेल तरच. तो तुकडा हरवला तर सगळा कारभार आटोपला. म्हणून राजूरकरांच्या पत्नी उमाबाईंनी त्याला लाल दोरा बांधून ठेवला होता. दोरा अजून होता. उमाबाईंना जाऊन चौदा महिने झाले होते.

नवीन सिस्टीमचा हट्ट भार्गवीचा. मुलगी पुण्यात नोकरीला, वैशाखात तिचं लग्न. जुन्या कॉम्प्युटरवर ना व्हिडिओ कॉलला तिचा चेहरा दिसायचा, ना कुठला ऑनलाइन फॉर्म उघडायचा. “बाबा, पुसून टाका ते सगळं,” ती फोनवर म्हणाली होती. “किती वर्षं चालवणार?” ती चुकीचं बोलत नव्हती. राजूरकरांनी “हं” म्हटलं आणि फोन ठेवल्याबरोबर संघपालला बोलावलं. पण पुसायला नाही, शेजारी मांडायला. एवढी लबाडी बापाला माफ असावी.

संघपाल स्टँडसमोर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचा. चाळिशीला आलेला गडी, पण या दुकानात पाऊल टाकलं की अजून विद्यार्थी व्हायचा. उमाबाईंनीच त्याला मराठी टायपिंग शिकवलं होतं. पहिल्या परीक्षेत तो आपटला, तेव्हा त्यांनी त्याला महिनाभर रोज सकाळी बोलावून बोटांवर पट्टी मारत पास करून घेतलं होतं.

“जागा करून राह्यलंय,” संघपाल म्हणाला. “जुन्याचं सामान थोडं सरकवायचं, मंग नव्याला जागा. पाऊण तास तरी लागंल. मधात लाइट गेली न्हाई म्हंजे बरं.”

“गेली तर?”

“इन्व्हर्टर आहे ना. टेन्शन घेऊ नका.”

पडद्यावर एक निळी पट्टी गोगलगाईच्या चालीनं पुढं सरकू लागली. राजूरकरांनी थोडा वेळ तिच्याकडं पाहिलं. मग उठले, टेबलाच्या खणातून दोन कागद काढले आणि एक संघपालपुढं ठेवला. पडदा पुन्हा दिसेल न दिसेल म्हणून कालच त्यांनी ती छापून ठेवली होती. भार्गवीची पत्रिका.

“बसलाच आहेस तर एक काम कर. वाचन करायचंय. मी या हस्तलिखितावरून वाचतो, तू छापलेलं बघ. जुळलं की सांगायचं.”

संघपालला हे सांगावं लागत नव्हतं. या दुकानाचा नियमच होता तो: पत्रिका दोघांनी वाचायची. गिऱ्हाइकानं दिलेल्या चिठ्ठीवरून राजूरकर मोठ्यानं वाचत, उमाबाई छापलेल्या कागदावर बोट फिरवत आणि दर नावाला “बराबर” म्हणत. तेही एवढ्या जोरात, की समोरच्या चपलांच्या दुकानदाराला सगळ्या तालुक्यातली लग्नं पाठ असायची. “अगं, हळू,” असं राजूरकर रोज म्हणायचे. गेले चौदा महिने मात्र ते एकटेच वाचत होते. एकट्या माणसाचा डोळा स्वतःचीच चूक सफाईनं ओलांडून जातो. वडीगोद्रीच्या एका लग्नात मागच्या पत्रिकेतली मुहूर्ताची वेळ तशीच राहून गेली आणि निम्मे पाहुणे अक्षता पडून गेल्यावर मंडपात पोचले. त्यानंतर पत्रिकेची गिऱ्हाइकं हळूहळू दुसरीकडं वळली. राजूरकरांनी कुणालाही दोष दिला नाही. पण मुलीच्या पत्रिकेत चूक राहायला नको होती. बाकी काही जमो न जमो, एवढं त्यांना जमवायचं होतं. उद्या पहिली पत्रिका राजूरच्या गणपतीपुढं ठेवायची होती.

“श्री गजानन प्रसन्न,” राजूरकरांनी सुरुवात केली.

“बराबर,” संघपाल म्हणाला. पण हळू म्हणाला.

“चि. सौ. कां. भार्गवी.”

“बराबर.”

“सौ. उमा व श्री. जगन्नाथ राजूरकर, भोकरदन, यांची कन्या.”

संघपालचं बोट कागदावर थांबलं. निळी पट्टी पुढं सरकत होती. बाहेर कुणीतरी सिल्लोडच्या गाडीची वेळ विचारत होतं.

“काय झालं? जुळत नाही का?”

“जुळून राह्यलंय, सर.” संघपालनं वर पाहिलं नाही. “दोन्हीकडं सारखंच आहे. पण मॅडम... तिथं कै. पाह्यजे ना.”

राजूरकरांनी स्वतःच्या हातचा कागद पुन्हा वाचला. निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात: सौ. उमा. हाताची सवय, असं म्हणायला ते तोंड उघडणार होते. अठ्ठावीस वर्षं दर पत्रिकेत आई-बापांची नावं अशीच तर लिहीत आलो. पण त्यांना ठाऊक होतं की ते खोटं आहे. या हातानं हजारो लोकांच्या नावामागं कै. लावलं होतं, कधी अडखळला नव्हता. उमाच्या दशक्रियेचं पत्रक मात्र त्यांनी स्वतःचं दुकान असताना जालन्याला जाऊन दुसऱ्याकडून करून आणलं होतं. ती अक्षरं त्यांना टाइप करायची नव्हती. आजही नव्हती.

“बरं झालं सांगितलंस,” ते म्हणाले. “सगळ्या पत्रिका तशाच छापून गेल्या असत्या.”

मग दोघांनी उरलेली पत्रिका वाचून काढली. मामा, आत्या, मंगल कार्यालय, तारीख, वेळ. वेळ राजूरकरांनी दोनदा वाचली.

पट्टी भरली. संघपालनं पेन ड्राइव्ह काढला आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. पडदा काळा झाला, एक चिन्ह गरगरलं आणि थेट नवीनच काहीतरी उघडलं: जांभळट रंग, मोठी मोठी चित्रं, सगळं चकाचक. कुणी काही विचारलं नाही.

“हे विचारणार होतं ना? जुनं कुठंय?”

“थांबा, थांबा.”

“संघपाल, जुनं कुठंय?”

“सर, जल्दी करू नका. आतमधीच आहे, ह्याला फक्त दिसून नाही राह्यलं.” संघपाल म्हणाला खरा, पण त्यानं कपाळावरचा घाम पुसला. राजूरकरांनी स्टूल पडद्याजवळ ओढलं. तासाभरापूर्वी त्यांना जुनं हवं होतं ते जपून ठेवण्यासाठी. आता एक चूक दुरुस्त करायची होती, आणि चूक आत अडकली होती. छापता येईना अशी पत्रिका, आणि तिच्यात जिवंत असल्यासारखी उमा. क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांच्या मनात आलं की नसेल दिसत तर राहू दे तसंच. त्या विचाराची त्यांची त्यांनाच लाज वाटली.

संघपालनं एक काळी चौकट उघडून तिच्यात ओळी टाइप केल्या. दोन-तीनदा खोडल्या. फोनवर काहीतरी वाचलं. पुन्हा टाइप केलं, आणि एकदम मांडीवर थाप मारली. “सापडलं! बघा, जुन्याचं नाव आलं.”

पुन्हा बंद, पुन्हा चालू. या वेळी काळ्या पडद्यावर चार-पाच ओळी आल्या. सगळ्यात वर नवीन, सगळ्यात खाली जुनं.

“दहा सेकंद थांबतंय. काही दाबलं न्हाई तर नवीन उघडंल. जुनं ऱ्हाणार हे भार्गवीताईला म्हाईत आहे, तिनंच मला फोनवर तसं ठेवायला सांगितलंय. जुन्याकडं जायचं असंल तर खालचा बाण दाबत जायचं आणि एंटर. जुनं उघडून दाखवू?”

“नको. मी करतो. तू जा, दुकान उघडं टाकून आलायस.”

संघपालनं हेल्मेट उचललं, दारात घुटमळला. “सर, पुन्हा वाचायचं असंल तर आवाज द्या.”

“देईन.”

तो गेल्यावर दुकान फार शांत झालं. दुपारचे चार वाजत आले होते. राजूरकरांनी बटण दाबलं, चष्मा शोधला, चष्मा डोळ्यावर येईपर्यंत दहा सेकंद संपली आणि नवीन उघडलं. “तुझं नंतर,” ते त्याला म्हणाले. दुसऱ्यांदा चष्मा आधीच लावला. खालचा बाण. पुन्हा खालचा बाण, शेवटच्या ओळीपर्यंत. एंटर.

जुनं उघडलं. सगळं जिथल्या तिथं होतं. त्यांनी पत्रिका काढली, सौ. च्या आधी कर्सर नेऊन ठेवला. मग कै. टाइप केलं. एक अक्षर आणि एक टिंब, पण तेवढ्यानं ओळ पुढं ढकलली गेली आणि ‘राजूरकर’ एकटंच घसरून खालच्या ओळीत गेलं.

असं झालं की उमा काय करायची ते त्यांना माहीत होतं. सगळी ओळ निवडायची आणि अक्षर एका घरानं बारीक करायचं. त्यांनी केलं. दोघं पुन्हा एका ओळीत आले.

त्यांनी नवीन प्रत छापून शेजारच्या खुर्चीसमोर टेबलावर ठेवली. स्वतः हस्तलिखित घेतलं, त्यात पेनानं दुरुस्ती केली आणि मोठ्यानं वाचायला लागले.

“श्री गजानन प्रसन्न. चि. सौ. कां. भार्गवी. कै. सौ. उमा व श्री. जगन्नाथ राजूरकर, भोकरदन, यांची कन्या.”

इथं ते थांबले. सवयीनं वाट पाहिली. समोरचा चपलांचा दुकानदार हातातलं काम सोडून इकडंच बघत होता.

“बराबर,” राजूरकर म्हणाले. त्याला ऐकू जाईल एवढ्या जोरात म्हणाले, आणि पुढची ओळ वाचायला घेतली.