सातनिंबीचं स्टेशन

फलाटावर वाळत घातलेल्या मिरच्या. अकोल्याच्या जठारपेठेतून आणलेले, उन्हानं घामेजलेले पेढे. तिकीटखिडकीत शेळी. नवा शर्ट, कॉलरीतली टाचणी तशीच. मे महिना.

योगेशला मुलगी पाहायची होती. आजवर त्याला इतक्या जणींनी नाही म्हटलं होतं, की आई आता नकार आला तरी भाजी ढवळायची थांबत नसे. म्हणून या खेपेला त्यानं मित्राची, अनुपची कार घेतली आणि सातनिंबीत थेट मुलीच्या दारात थांबवली.

दारात मुलीची आत्या माणिकबाई उभी.

"कुठून आले जी?"

"अकोल्याहून."

"ते मले मालूम आहे. आता कुठून आले?"

"रस्त्यानं."

"दारात थेट दोघंच येतेत. मतं मागणारा आन् कुत्रं. तुमी कोन?"

सातनिंबीत सोयरा आगगाडीनंच यायचा. स्टेशनाच्या बाकावर बसायचा, मग घरचं कोणी तांब्याभर पाणी घेऊन त्याला आणायला जायचं. छोटी गाडी बंद पडली, रुळांत बाभळी उगवल्या, पण रिवाजाला कोणी कळवलंच नाही.

माणिकबाईनं वाट दाखवली, तसा योगेश स्टेशनात जाऊन बसला. मिरच्यांच्या खकाण्यानं शिंकत अनुपनं शेळीला विचारलं, "मास्तर, गाडी किती लेट आहे?"

ऊन चढलं. कोणी येईना.

"चाल भौ, दुसरी पाहू."

"दुसरी कोन दाखवून राहिलं मले? तू जा."

अनुप खरंच गेला आणि कारमध्ये एसी लावून झोपला. योगेशलाही डुलकी लागली.

स्कूटीच्या आवाजानं तो जागा झाला. तांब्या घेऊन वर्षालीच आली होती. जिला पाहायला आला, तीच.

"आत्या म्हने, पाहुना पयून गेला असन. उन्हात काहून बसले?"

"गाडीनं आलो. घ्याले कोनी आलं नाही."

"गाडी येत नाही आता."

"मंग मी काय उडत आलो?"

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "शर्टाची टाचणी तरी काढा. आन् खाली हात आले?"

पेढ्यांचा खोका रिकामा होता. योगेशनं तिकीटखिडकीकडे बोट दाखवलं. "मास्तरनं खाल्ले."

वर्षाली एवढी हसली की अर्धा तांब्या मिरच्यांवर सांडला. उरलेलं पाणी तिनं त्याच्या पायांवर ओतलं आणि स्कूटी वळवली.

"बसा मागं. आत्याले सांगतो, पाहुना गाडीनं आला."

माणिकबाईची स्वतःची सोयरीक झाली तेव्हा पाहुणे बैलगाडीनं आले होते, आणि थेट दारात.