फुटक्या बालदीतले आठ सेकंद

आधीच सांगून ठेवतो, मला ते संगीत अजिबात आवडायचं नाही. आम्ही दाभोळचे, लग्नात दफ घुमला की आमचे पाय आपोआप हलतात. आणि हा बेतोसाहेब सकाळी पाचला गाडीत बसून लावायचा काय, तर टाइपरायटरची टकटक, बाटल्यांचा खडखडाट आणि मध्येच गिटार! बिलकीसला, म्हणजे माझ्या बायकोला, मी म्हणायचो, "अगो, भांडी आपटायची नि त्याला गाणं म्हणायचं. कमाल आहे ह्या लोकांची!"

२०१२ची गोष्ट. बेतो ब्राझीलचा, इथे ओमानमध्ये सोहारच्या बंदरावर इंजिनियर. मी कंपनीचा ड्रायव्हर. माझं घर माबेल्याला, तिथून उलटा अल हैलला जाऊन त्याला घ्यायचो. सोहारला जायला दोन तास, यायला दोन तास. एवढ्या वेळात माणूस काय काय बोलत नाही? मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने मला आपल्या बँडची अख्खी कुंडली सांगितली. बँडचं नाव बाल्दी फुरादो, म्हणजे भोक पडलेली बालदी. मी म्हटलं, "सर, आमच्यातपण बालदीच म्हणतात." तो इतका खूश झाला की वाटेत बरक्याला थांबून त्याने मला करक, म्हणजे इकडचा कडक दुधाचा चहा पाजला.

बेतो धरून बँडात पाच पोरं होती. पहिल्या रेकॉर्डच्या तीनशे प्रती खपल्या, त्यातल्या चाळीस बेतोच्या आईनेच घेतलेल्या. दुसरीतलं एक गाणं त्यांच्या शहरात उन्हाळाभर वाजलं, भाजीवालेसुद्धा गुणगुणायचे म्हणे. मग कुठलाही शहाणा माणूस तसलीच अजून दहा गाणी करेल की नाही? नाही! ह्यांनी चाळीस मिनिटांचं एकच गाणं काढलं, त्यात निम्मा वेळ शिलाई मशीन. रेकॉर्ड कंपनीने हाकलून दिलं. पोरं पोटापाण्याला लागली, बेतो इथे आला. गाणारा रेनातो तेवढा हटला नाही. छातीच्या दुखण्याने बेजार, तरी घरी बसून त्याने चौथी रेकॉर्ड गायली आणि तिची सीडी बेतोला पाठवली.

ती सीडी आम्ही दीड वर्ष रोज ऐकली. आणि काय सांगू, शेवटचं गाणं मला पाठ झालं. अर्थ एका शब्दाचा कळत नव्हता. पण सुवैक गावाच्या पुढे सरळ रस्ता लागला की बोटं स्टिअरिंगवर दफाचा ठेका धरायची आणि तोंड चालू व्हायचं. रेनातो जिथे थांबेल तिथे मी थांबायचो, जिथे ओढेल तिथे ओढायचो. बेतो हसून म्हणायचा, "उस्मान, तू आमचा सहावा!"

"माफ करा सर," मी म्हणायचो, "मला इज्जतीत राहायचंय."

२०१४ला रेनातो गेला. बेतोने गाणी लावणं बंद केलं. चार तास नुसता एसीचा आवाज. त्या खडखडाटाची मला आठवण येईल असं कोणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं, पण आली. एका शुक्रवारी गाडी धुताना ती सीडी हाताला लागली, धुळीने भरलेली. वाटलं, साफ करून ठेवू, साहेबाला कधीतरी ऐकावीशी वाटेल. आणि मी अक्कलशून्याने काच पुसायचं, वाळू भरलेलं फडकं घेऊन ती चांगली दाबून पुसली. लावून बघितली. सगळं ठीक, पण शेवटच्या गाण्यातली एक ओळच गायब! सीडी गुपचूप गाडीच्या खणात टाकली आणि वर्षभर तोंड शिवून बसलो.

पुढच्या वर्षी एका सकाळी बेतोनेच विषय काढला. बँडमधल्या मित्रांना चौथी रेकॉर्ड बाहेर काढायची होती, रेनातोची आई पंच्याऐंशीची होती, तिच्या डोळ्यांदेखत. पण रेनातोच्या कॉम्प्युटरमधून काहीच निघत नव्हतं.

"आता फक्त माझी सीडी, उस्मान. दुसरी कुठेच नाही."

इंजिनियर माणूस, आणि एक कॉपी काढून ठेवता येत नाही? असं ओरडावंसं वाटलं. पण कुठल्या तोंडाने ओरडणार? मी गाडी बाजूला घेतली. "सर, ती मी खराब केली."

सगळं सांगितलं. त्याने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो उतरला आणि बाभळीखाली माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मी मागे गेलो. माफीचं इंग्रजी मला एका शब्दापलीकडे येत नव्हतं, आणि तो शब्द फारच हलका वाटला. मग मी ती ओळच म्हटली. बॉनेटवर बोटांनी ठेका धरला आणि म्हटली, जशीच्या तशी.

तो वळला. डोळे लाल. "परत म्हण," म्हणाला आणि फोन पुढे केला. ट्रक आला की तो जाईपर्यंत थांबत, अशी सात वेळा म्हटली.

२०१६ला रेकॉर्ड आली. कव्हराच्या पाठीमागे पाच नावं, खाली सहावं: उस्मान, ओमान. घरी लावली. रेनातो गाता गाता एकदम मी, दाभोळचा घोगरा आवाज, आठ सेकंद, मग परत तो. बिलकीस हसून हसून आडवी झाली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेलेल्या माणसाच्या गाण्यात आपण कशाला घुसलो?

बेतो आता मायदेशी गेला. नवा साहेब कानात इअरफोनची बोंडं घालून बसतो, मला काहीच ऐकू येत नाही. सुवैक आलं की जीव कासावीस होतो. पण जायच्या आधी बेतोने एक गोष्ट सांगितली. रेनातोच्या आईला रेकॉर्ड ऐकवली तेव्हा सगळे घाबरून होते. म्हातारी शांत ऐकत होती आणि नेमकी माझ्या ओळीला रडली. त्या ओळीत शेवटच्या शब्दाआधी मी थांबून एक श्वास ओढतो. मला वाटायचं ते गाण्यातच आहे, म्हणून तोही पाठ केलेला.

ती म्हणाली, "आवाज परक्याचा आहे, कळतंय मला. पण हा दम माझ्या रेनातोलाच लागायचा."