आईचा अंगठा

खिडकीवरच्या बाईने आईचा अंगठा स्वतःच्या हातात धरून काचेवर टेकवला, वरून हलकेच दाबला, तरी यंत्रातला लाल दिवा लालच राहिला.

"दुसरं बोट द्या, आजी."

आईने दुसरं दिलं. मग तिसरं. एकेक करून दहाही बोटं काचेवर जाऊन आली, पण यंत्राने एकालाही ओळख दाखवली नाही.

"मागच्या दोन्ही खेपांना हेच झालं," मुलगा म्हणाला. "यंत्र बिघडलंय का?"

"सकाळपासून बाकी सगळ्यांचे ठसे आलेत." बाई वैतागली नव्हती. तिचा आवाजच मऊ होता, अंगाई म्हणावी तसा. "वयाने रेषा पुसट होतात हो. खाली बसा थोडा वेळ, हात चोळून गरम करा, मी पुन्हा बोलावते. आज नाहीच जमलं तर पुढच्या महिन्यात या."

खाली म्हणजे खरोखरच खाली. ज्येष्ठांच्या आरोग्य विम्याचं हे सरकारी कार्यालय एका जुन्या नाट्यगृहात थाटलं होतं. खिडक्या रंगमंचावर आणि वाट बघणारे प्रेक्षकांत. खुर्च्या नाटकाच्याच, मखमली, एकदा बसलं की उठवत नाही अशा. उंचावरच्या झरोक्यांतून दुपारचं ऊन तिरपं उतरत होतं, त्यात धूळ तरंगत होती, आणि रांगाच्या रांगा म्हातारी माणसं माना टाकून निवांत झोपली होती. नाव पुकारलं की त्यातलं एखादं जागं व्हायचं, आपण कुठे आहोत ते आठवायचं आणि लाकडी पायऱ्या चढून वर जायचं. बाकीचे झोपेतच कूस बदलायचे.

काम तसं साधं होतं. हा विमा माणूस राहतो त्या गावाला बांधलेला. तिथल्या दवाखान्यात फुकट उपचार, दुसरीकडे नाही. आईचं कार्ड तिच्या गावचं होतं. ते इकडे बदलून घ्यायचं, तिकडचं बंद करायचं, म्हणजे आई कायमची इकडची. हिवाळ्यात ती घराच्या पायरीवरून पडली आणि शेजारीण येईपर्यंत तशीच पडून राहिली होती. मुलगा तिला घेऊन आला तो परत पाठवायचं नाही असं ठरवूनच. त्या दिवसापासून अवेळी फोन वाजला की तो हातातलं टाकून धावायचा. तिला आणताना तो तिच्यासमोर रडला होता, चांगला पन्नाशीचा बाप्या. "माझ्याजवळ राहा," म्हणाला होता. आई "बरं" म्हणाली.

आई सगळ्यालाच "बरं" म्हणायची. उभा जन्म तिने पुस्तकबांधणी केली, पण गिऱ्हाईक कितीही आगाऊ असो, तिच्या तोंडून "नाही" निघालं नाही. इथे आल्यावरही ती स्वस्थ बसली नव्हती. शब्दकोशापासून सुनेच्या पाककृतींपर्यंत घरातलं सुटं झालेलं प्रत्येक पुस्तक तिने बांधून टाकलं. डिंकाची बाटली कायम तिच्या पिशवीत, दुसऱ्यांच्या पिशवीत औषधं असतात तशी.

दोघं मधल्या एका रांगेत बसले. त्याने तिचे हात आपल्या हातांत घेतले आणि चोळू लागला. इतक्या वर्षांत हे हात आपण असे धरलेच नाहीत, हे लक्षात येऊन त्याला जराशी लाज वाटली.

"आता घरामागच्या कालव्याला पाणी सोडलं असेल," आई म्हणाली. "कामाच्या खोलीत छतावर त्याचा उजेड हलतो."

"इथेही उजेड चांगला आहे, आई."

"आहे की." तिने नाट्यगृहाच्या छताकडे पाहिलं. "फक्त हलत नाही."

"आणि तिथे पुन्हा पडलीस म्हणजे?"

तो चोळत राहिला. शेजारच्या रांगेत कुणीतरी लयीत घोरत होतं. वरून बाईचा मऊ आवाज येत होता, कुणाला तरी जन्मतारीख विचारत होता. चोळता चोळता त्याचेही डोळे जड झाले.

तो कामाच्या खोलीत टेबलाखाली बसला होता. वरून कागदाची कात्रणं पडत होती, पांढरी, सावकाश, आणि छतावर पाणी हलत होतं. मग आई वाकली आणि तिने हात खाली केला. घे, काढ. दिवस संपला की हे त्याचं काम असायचं. तिच्या बोटांवर वाळलेल्या डिंकाची कड नखाने सोडवायची आणि पापुद्रा न फाटता अख्खा ओढून काढायचा. त्यावर बोटाच्या सगळ्या रेषा उमटलेल्या असायच्या. तो पापुद्रा खिडकीशी धरायचा आणि ओरडायचा, आई, ही बघ तू!

नखाला कड लागली.

तो जागा झाला. कड मात्र नखाखाली तशीच होती. त्याने कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि आईचा अंगठा उन्हात वळवला. अंगठा चकचकत होता. शेजारचं बोटही. दहाच्या दहा बोटांवर डिंक होता, तोही एक नाही, दोन हात दिलेले, मधे नीट वाळवून. कामात आई कधी कच्ची नव्हतीच. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर लोकांना "हे अक्षर दिसतंय का" विचारणाऱ्या माणसाला तीन खेपांत एवढं दिसलं नव्हतं.

आई समोर रंगमंचाकडे बघत होती, अगदी मन लावून, जणू तिथे प्रयोग रंगला होता. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

त्याला आधी राग आला. दुकान बंद ठेवून मारलेल्या खेपा, रांगा, सगळं डोळ्यांपुढे आलं. मग राग कुठल्या कुठे गेला. मुलाला तोंडावर "नाही" म्हणवेना, म्हणून तिने ते बोटांकडून म्हणवून घेतलं होतं.

त्याने तिचा हात आपल्या मांडीवर ओढला. अंगठ्यापासून सुरुवात केली. पापुद्रा अख्खा निघाला. आईने न सांगता पुढचं बोट पुढे केलं, मग त्याच्या पुढचं, पूर्वी करायची तसंच.

"करंगळीचा नीट वाळला नव्हता," ती हळूच म्हणाली.

"दिसतंय."

अंगठ्याचा पापुद्रा त्याने झरोक्याच्या उन्हात धरला. रेषा होत्या. पूर्वीपेक्षा पुसट, पण सगळ्या होत्या.

"आजी, या आता," वरून हाक आली.

दोघं पायऱ्या चढून गेले. बाईने यंत्र पुढे सरकवलं. आईने मुलाकडे पाहिलं, "बरं" म्हणाली आणि स्वच्छ अंगठा काचेकडे नेला. म्हटलं असतं तर तिने तो ठेवलाही असता, तक्रार न करता, आणि राहिलीही असती. त्याने मधेच तिचा हात धरला.

"मॅडम, हिचं कार्ड तिकडचंच राहू दे."

"बदलायचं नाही?"

"नाही."

"म्हणजे अर्ज रद्द. कारण लिहावं लागतं." तिची बोटं कळफलकावर थांबली. "काय लिहू?"

त्याने आईकडे पाहिलं. तिचे ओठ किंचित उघडे होते, श्वास घ्यायचा राहून गेल्यासारखे.

"लिहा, घरी जायचंय."

बाईने दोघांकडे एकदा पाहिलं आणि तेवढंच लिहिलं. मग म्हणाली, "पण रद्द करायलाही अंगठा लागतो हो. आणि आजींचा तर..."

आईने अंगठा काचेवर ठेवला आणि वरून दुसऱ्या हाताने दाबला, पुस्तकाची पाठ चिकटवताना दाबायची तसा, सगळा भार टाकून. दिवा हिरवा झाला.

"अगंबाई! पहिल्या झटक्यात!"

"हात चोळले ना त्याने," आई म्हणाली.

परत निघताना तो पुटपुटत होता. पायरीला कठडा बसवून देतो, दिवा लावतो, शेजारणीकडे एक किल्ली ठेव. आई प्रत्येकाला "बरं" म्हणत होती. रंगमंचाच्या पायऱ्यांशी त्याने हात पुढे केला. तो न धरताच ती एक पायरी उतरली, चांगली ताठ. मग वळून तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा वर आली आणि त्याचा हात धरला.